एल्व्हडनची मृगयाभूमी : खरेदी, उत्पन्न आणि ऋण (१८६३–१८९४)

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात ग्रामीण मिळकत विकत घेणारा धनिक एकाच व्यवहारात दोन वस्तू विकत घेत असे. कुळांकडून वर्षाकाठी येणारा खंड ही त्यांतली एक, आणि त्याच कुळांच्या शेतांवर व लगतच्या माळांवर शिकार करण्याचा हक्क ही दुसरी. पहिल्या वस्तूने दुसरीचा खर्च भागवावा, अशी सर्वसाधारण अपेक्षा असे. ही अपेक्षा कितपत खरी ठरे, याचा विचार करण्यासाठी सफोक परगण्यातील एल्व्हडनची मिळकत हे उदाहरण फार बोलके आहे. शिवाय तिचा खरेदीदार हिंदी इतिहासाच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. १८४९ साली पदच्युत झालेला पंजाबचा अखेरचा शीख महाराजा दलीपसिंग हाच तो होय.

खरेदीचे वर्ष १८६३. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दलीपसिंगाची माता राणी जिंदकौर लंडनमध्ये निवर्तली. पुढील वर्षी तिचे अंत्यविधी करण्यास तो हिंदुस्थानात आला. परंतु पंजाबात पाऊल ठेवण्याची परवानगी सरकारने दिली नाही, आणि म्हणून राणीची समाधी नाशिकास गोदावरीतीरी उभी राहिली. (१९२४ मध्ये तिच्या अस्थी लाहोरास नेण्यात आल्या.) स्वदेशात परतण्याचा मार्ग बंद झालेला हा तरुण इंग्लंडात जमीनदार होऊन राहू इच्छीत होता. त्याने स्थायिक व्हावे यात इंडिया ऑफिसलाही सोय दिसली असावी. कारण १७,००० एकरांच्या या मिळकतीची १,०५,००० पौंड किंमत त्या कचेरीच्या कर्जातूनच उभी राहिली, आणि तिचे व्याज महाराजाच्या तनख्यातून वळते होऊ लागले. त्याची वार्षिक नेमणूक सुमारे २५,००० पौंडांची होती.

वरील किमतीकडे अंमळ बारकाईने पाहिले पाहिजे. एल्व्हडनचा दर एकरी सुमारे सव्वासहा पौंड पडतो. आदल्याच वर्षी, १८६२ मध्ये, युवराज एडवर्डसाठी नॉरफोकमधील सँड्रिंगहॅमची मिळकत घेतली गेली. तेथे आठ हजारांहून थोड्या कमी एकरांस व त्यावरील वाड्यास २,२०,००० पौंड मोजले गेले, म्हणजे एकरी साडेसत्तावीस पौंडांहून अधिक. दोन्ही खरेदीदार शिकारीचे शौकीन, एकमेकांचे स्नेही. मिळकतींमधील अंतरही फार नाही. मग दरात चौपटीहून अधिक तफावत का? वाड्याचे मोल व खरेदीदाराची प्रतिष्ठा यांचा भाग वजा करू. तरी मुख्य कारण उरते ते जमिनीचे. एल्व्हडन हे थेटफर्डनजीकच्या ब्रेकलँड या प्रदेशात मोडते. हा प्रदेश वाळूचा, गारगोट्यांचा व अल्प पावसाचा. येथील पुष्कळशी शेते दोनचार पिके काढून पुन्हा पडीत टाकीत. मध्ययुगापासून सशांची राखीव कुरणे हेच येथील एक भरवशाचे उत्पन्न होते. आपल्याकडील वरकस जमिनीची आठवण व्हावी अशी ही भूमी. धान्याला जी कृपण, तीच तितर, ससे आणि फेझंट यांना मात्र उदार होती.

आता हिशेब मांडू. व्याजाचा दर शेकडा ४ धरला, तर वर्षाला ४,२०० पौंड होतात, म्हणजे एकरी जवळजवळ ५ शिलिंग. रखवालदारांचे पगार, फेझंटांची अंडी खुडूक कोंबड्यांखाली उबवून पिले वाढविण्याचा खर्च, हाकाऱ्यांची मजुरी, वाड्याची देखभाल हे सारे बाजूस ठेवले, तरी पडीक माळासकट प्रत्येक एकराने एवढी निव्वळ रक्कम द्यावयास हवी होती. ब्रेकलँडच्या वाळूपुढे ही मागणी लहान नव्हती. महाराजाने तर खर्चात हात आखडला नाही. जॉन नॉर्टन या वास्तुशिल्पीकडून त्याने वाडा नव्याने बांधून आतील दालने हिंदी धर्तीवर सजविली. गावातील चर्च, शाळा व मजुरांची घरे यांकडेही लक्ष पुरविले. नेमबाज म्हणून त्याची गणना इंग्लंडातील पहिल्या काहींत होई. १८७६ साली एल्व्हडनवर त्याने एका दिवसात सुमारे ७८० तितर मारल्याची नोंद आहे.

या नोंदीचे कौतुक करताना ज्यांच्या शेतात ते तितर चरत, त्यांचा विसर पडू नये. १८३१ च्या शिकारविषयक कायद्याने कुळास शिकारीचा हक्क तत्त्वतः दिला होता. पण मालक भाडेपट्ट्यातच तो स्वतःकडे राखून ठेवीत. परिणामी पीक कुळाचे आणि ते खाणारा ससा मालकाचा, असा विचित्र न्याय रूढ झाला. सँड्रिंगहॅम येथे ॲपलटन हॉलचे शेत कसणाऱ्या लुइझा क्रेसवेल या विधवेने युवराजाच्या शिकारीपायी झालेल्या नासाडीबद्दल वर्षानुवर्षे भांडण मांडले. अखेर शेत सोडून तिने १८८७ साली आपली कैफियत ग्रंथरूपाने छापली. १८८० च्या कायद्याने ससे मारण्याचा हक्क कुळांना मिळाला व तो करारानेही हिरावून घेता येईना. पक्ष्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई मात्र १९०६ च्या कायद्यापर्यंत लांबली.

दरम्यान खंडाची बाजूच ढासळली. १८७९ चा हंगाम अतिवृष्टीने बुडाला आणि अमेरिकेच्या स्वस्त गव्हाने भाव चढू दिले नाहीत. १८७७ साली क्वार्टरला ५६ शिलिंगांवर असलेला गहू १८९४ मध्ये २३ शिलिंगांच्याही खाली आला. ज्या मालकांपाशी खाणी किंवा शहरी मिळकती होत्या ते तरले. दलीपसिंगापाशी केवळ तनखा होता, आणि त्यातूनही व्याज व विम्याचे हप्ते कापले जात. १८८२ मध्ये पार्लमेंटने त्याच्या मिळकतीविषयी स्वतंत्र कायदा केला. त्यान्वये त्याच्या मृत्यूनंतर एल्व्हडन विकून कर्ज फेडावयाचे ठरले. पुत्रांस वारसा म्हणून जमीन राहणार नव्हती. महाराजाचा सरकारशी उभा दावा येथून विकोपास गेला असे म्हणण्यास जागा आहे. पंजाबातील खासगी मालमत्तेवरील त्याची मागणी जुनीच होती, पण तिला धार आणली ती या ऋणाने. चरित्रकारांनी त्याच्या बंडखोरीची कारणे धर्मांतरात व मातेच्या सहवासात शोधली. हिशेबाच्या वह्या त्यांनी त्या मानाने कमी चाळल्या, असे वाटते. १८८६ च्या मार्चअखेर तो हिंदुस्थानास निघाला, एडनला अडविला गेला, तेथेच पुन्हा शीख धर्मात आला. २२ ऑक्टोबर १८९३ रोजी पॅरिस येथे त्याचा अंत झाला. दफन मात्र एल्व्हडनच्या चर्चच्या आवारातच झाले.

१८९४ साली मद्यव्यवसायातील धनाढ्य एडवर्ड सेसिल गिनेस, म्हणजेच लॉर्ड आयव्ही, यांनी ही मिळकत १,५९,००० पौंडांस घेतली. गव्हाचा भाव तळाला पोचलेल्या वर्षीच ब्रेकलँडच्या वाळूचे मोल तीस वर्षांपूर्वीच्या दीडपटीवर गेले होते. वाड्यावरील खर्च त्यात मिळविला, तरी ही वाढ खंडाच्या आशेने झाली असणे संभवत नाही. नव्या मालकाने शिकार अधिकच वाढविली. त्याचा खर्च डब्लिनच्या मद्यशाळेतून भागत असल्याने जमिनीच्या उत्पन्नाचा प्रश्न त्यास पडलाच नाही. तो प्रश्न हाती घेतला त्याच्या पुत्राने, १९२७ नंतर. रुपर्ट गिनेस यांनी माळ नांगरून, सशांस कुंपणाबाहेर ठेवून, लसूणघास व दुभती जनावरे यांच्या आधारे त्या वाळूत कस आणला, आणि शिकारीसाठी विकत घेतलेली एल्व्हडनची जमीन अखेर शेत म्हणून पिकू लागली.