स्टील कापता येऊ लागलं तेव्हा

आमचा आजा वखराची पास करायचा, बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायचा. जामसांवली, सौंसर, लोधीखेडा हा सारा कापसाचा पट्टा. लोहाराला फुरसत नसे. जाड पट्टी तोडायची तर ती भट्टीत लाल करायची, एकानं छन्नी धरायची, दुसऱ्यानं घण घालायचा.

बापाच्या काळात गॅस आला. कार्बाइडच्या टाकीत ॲसिटिलीन तयार व्हायचा, ऑक्सिजनचा सिलिंडर नागपूरहून यायचा, आणि दुकानामागं पांढरा चुना साचत राहायचा. ट्रॉलीचे चॅनल भराभर कापले जाऊ लागले. पण गॅस कटिंग म्हणजे तापलेलं लोखंड ऑक्सिजनमध्ये जाळणं. स्टेनलेस स्टील तसं जळत नाही. त्यातल्या क्रोमियमच्या ऑक्साइडचा थर चढतो आणि तो सहजी वितळत नाही. देवळाचं स्टीलचं रेलिंग आलं की आम्ही ग्राइंडर घेऊन बसायचो. सरळ रेघ जमायची, गोलाई नाही.

जगात याचा उपाय केव्हाच निघाला होता. अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागातल्या रॉबर्ट गेज यांना १९५७ साली प्लाझ्मा टॉर्चचं पेटंट मिळालं. विजेचा आर्क अरुंद नोझलमधून दाबून काढला की वायूचा प्लाझ्मा होतो, तापमान वीस हजार अंशांच्या घरात जातं, धातू वितळतो आणि तोच झोत त्याला उडवून लावतो. वीज वाहणारा कुठलाही धातू चालतो. मात्र सुरुवातीला आर्गॉन, हायड्रोजन, नायट्रोजन लागत. छोट्या दुकानाला ते कसं परवडणार?

साधी दाबलेली हवा चालू लागली, तेव्हा प्लाझ्मा आमच्यापर्यंत पोचण्याजोगा झाला. हवेतल्या ऑक्सिजनपुढं टंगस्टनचा इलेक्ट्रोड टिकत नाही, म्हणून तांब्याच्या इलेक्ट्रोडच्या टोकात आधी झिर्कोनियमचा, पुढं हाफ्नियमचा दाणा बसवला गेला. मुगाहून लहान असलेला हा दाणा मला या साऱ्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. त्याच्याशिवाय आमच्यासारख्यांच्या हाती टॉर्च आलीच नसती. मग इन्व्हर्टरची मशीन आली, एकट्यानं उचलावी एवढी हलकी. आता गेटवरची गदा, वेलबुट्टी, घरधन्याचं नाव, सगळं एकाच पत्र्यातून निघतं.

पावसाळ्यात मात्र जपावं लागतं. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं. ते हवेबरोबर टॉर्चमध्ये गेलं की आर्क अडखळतो, नोझल खराब होतं, दाणा लवकर खचतो. म्हणून नव्या पोराला मी आधी टाकीचा ड्रेन कॉक दाखवतो, मग काळा चष्मा देतो आणि त्यानंतरच टॉर्च.