अल्व्हिसोचा बांध

सांता क्लाराहून सायकल काढली की सॅन टॉमस अक्विनो ओढ्याच्या काठाकाठाने मी अल्व्हिसोला येते. सायकल टेकवून पुढे बांधावरून चालायचं, आणि भरती असेल तर छोटी होडी खाडीत लोटायची. माझं बालपण पेणच्या मिठागरांजवळ गेलं, म्हणून हा खारा वास मला ओळखीचा.

अल्व्हिसो हे एकेकाळचं बंदर. त्याआधी इथले मूळ रहिवासी ओलोनी लोक लव्हाळ्याच्या होड्या वल्हवत. पुढे न्यू अल्माडेनच्या खाणींतला पारा, कातडी, गहू इथून बोटींनी सॅन फ्रान्सिस्कोला जाई. ११ एप्रिल १८५३ रोजी इथून निघालेल्या ‘जेनी लिंड’ बोटीचा बॉयलर फुटला. जेवायला बसलेले प्रवासी होरपळून मेले. १८६४ मध्ये सॅन होजेपर्यंत रेल्वे आली, ती अल्व्हिसोला वगळून. बंदर ओस पडत गेलं.

मग खाजणात मिठागरं पसरली. २००३ मध्ये सरकारने सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या दक्षिण टोकाची १५,१०० एकर मिठागरं घेतली आणि २००६ पासून काही बांध मुद्दाम फोडले. बांध फुटला की आमच्याकडे पेणला गाव रात्रभर जागायचं. इथे त्याच भगदाडातून गाळ येतो, गवत रुजतं. मी वल्हं थांबवून ते बघत राहते.