मुलाच्या सायकलीचा भार

वाहनांच्या इतिहासांतील मोठे शोध बहुधा मोठ्या माणसांच्या गरजेंतून निघालेले दिसतात. सायकलीच्या इतिहासांतील सर्वांत उपयुक्त शोध मात्र एका लहान मुलाच्या तीनचाकी गाडीसाठीं लागला. आयर्लंडांतील बेलफास्ट शहरीं जॉन बॉइड डनलॉप नांवाचा स्कॉटिश पशुवैद्य राहत असे. त्याच्या मुलाच्या तीनचाकीला त्या काळच्या रिवाजाप्रमाणें भरीव रबराच्या धांवा होत्या, आणि दगडी फरसबंदीवरून जातांना ती गाडी मुलाला सारखे हिसके देई. डनलॉपनें लांकडाच्या एका चकतीभोंवतीं रबराची नळी बसविली, तींत हवा भरली, वर कापडाचें वेष्टन घातलें, आणि ही चकती व तीनचाकीचें जुनें चाक अंगणांत एकामागून एक लोटून पाहिलें. भरीव रबराचें चाक मध्येंच आडवें झालें. हवेचें चाक अंगणाच्या टोकापर्यंत गेलें. १८८८ सालच्या फेब्रुवारींत मुलाच्या गाडीला हवेचीं चाकें लागलीं आणि त्याच वर्षीं डनलॉपनें त्यांचें पेटंट घेतलें. १८४५ सालींच रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश गृहस्थानें अशाच कल्पनेचें पेटंट घेतलेलें असल्यामुळें डनलॉपचें पेटंट पुढें टिकलें नाहीं. टिकला तो त्याचा उपयोग.

या शोधाचें महत्त्व समजण्यास त्यापूर्वींची स्थिति पाहिली पाहिजे. १८१७ सालीं जर्मनींतील मानहाइम येथें कार्ल ड्राइस यानें दोन चाकांची लांकडी गाडी तयार केली. ती पायांनीं जमीन मागें रेटीत चालवावी लागे. पुढें १८६० नंतरच्या दशकांत पॅरिसमध्यें पायडलांची गाडी निघाली. तिच्या लोखंडी धांवांमुळें इंग्रज लोक तिला हाडें खिळखिळी करणारी गाडी म्हणत. या त्रासावर तोड म्हणून १८८५ सालीं इंग्लंडांत ‘व्हिपेट’ नांवाची सायकल निघाली, आणि तिच्या फ्रेमेंतच स्प्रिंग बसविलेली होती. कल्पना चांगली होती, पण तिला आयुष्य थोडें लाभलें. तीनच वर्षांनीं डनलॉपची नळी आली, आणि जें काम लोखंडाची स्प्रिंग, सांधे व खिळे मिळून करीत होतें, तें मूठभर हवा करूं लागली.

यांतून एक तत्त्व हातीं येतें. धक्का जेथें लागतो तेथेंच तो जिरवावा. तो चाकांतून फ्रेमेंत शिरल्यावर त्यामागें लोखंड घेऊन धांवण्यांत अर्थ नाहीं.

मग स्प्रिंगा पुन्हां कां आल्या? त्याचीं कारणें दोन. १९६२ सालीं इंग्लंडांत ॲलेक्स मोल्टन यानें लहान चाकांची सायकल बाजारांत आणली. लहान चाक खड्ड्यांत अधिक खोल जातें, म्हणून त्यानें तिला रबराच्या स्प्रिंगा दिल्या. दुसरें कारण डोंगर. कॅलिफोर्नियांतील मरिन परगण्यांत कांहीं तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून सुसाट येत. तेथें १९७६ सालीं ‘रिपॅक’ नांवाची शर्यत सुरू झाली. एका उतारांत मागच्या ब्रेकांतील ग्रीस जळून जाई व तें पुन्हां भरावें लागे, त्यावरून हें नांव पडलें. १९७७ सालीं जो ब्रीझ यानें अशा डोंगरासाठीं मुद्दाम फ्रेम बांधली. १९८९ सालीं रॉकशॉक्स कंपनीचा पुढचा फोर्क विक्रीस आला. धक्का पेलण्यास हवा आणि उसळी आवरण्यास तेल, अशी त्याची रचना होती. म्हणजे कसलेल्या स्वारांसाठीं स्प्रिंग परत आली तीदेखील हवेचाच आश्रय घेऊन.

लहान मुलांच्या वांट्याला मात्र या सर्व इतिहासाचें बाह्य रूपच तेवढें आलें. दुकानांत रंगीबेरंगी सायकल उभी असते; पुढें दोन नळ्या, मागें जाड स्प्रिंग, जाड टायर. मोठ्यांच्या डोंगरी सायकलीची ती हुबेहूब प्रतिमा दिसते. परंतु स्वस्त सायकलींत ती स्प्रिंग निव्वळ पोलादाची असते, तींत तेल नसतें, आणि ती पुष्कळदां इतकी कडक असते कीं मुलाच्या वजनानें ती दबतच नाहीं. जी स्प्रिंग दबत नाहीं ती केवळ ओझें होय.

वसई परिसरांत या ओझ्याचा विचार विशेष करावासा वाटतो. येथें सायकल नवी नाहीं. १८६४ सालीं मुंबईपर्यंतची रेल्वे या भागांतून सुरू झाली, आणि पुढें स्टेशन व वाड्या यांना जोडण्याचें काम सायकलीनेंच केलें. पाववाला, दूधवाला, भाजीचे भारे नेणारा शेतकरी यांची काळी सायकल जड असे. पण तिचें वजन दुसऱ्याचें ओझें वाहण्यासाठीं होतें. मुलाची सायकल स्वतःचेंच ओझें वाहते. शिवाय निर्मळ, आगाशी, भुईगांव हा पश्चिमेचा पट्टा बहुतांशीं सपाट आहे. चढ लागतो तो पूर्वेस तुंगारेश्वराच्या बाजूला. तेव्हां रोजच्या वाटेवर डोंगरी स्प्रिंगेला काम थोडें, आणि पायांना मात्र श्रम पुष्कळ.

हिशेब साधा आहे. मुलाचें वजन २५ किलो व सायकल १५ किलो धरली, तर सायकल मुलाच्या वजनाच्या शेंकडा ६० होते. हेंच प्रमाण ७० किलोच्या माणसाला लावलें तर त्याच्या हातीं ४२ किलोची सायकल येईल. असल्या सायकलीवर मोठा माणूस दुसऱ्या दिवशीं बसणार नाहीं. मूल बसेनासें झालें कीं आपण त्याला आळशी म्हणतों!

सुधारणेचा प्रारंभ वजनानें करावा. बापानें घरच्या कांट्यावर आधीं सायकल घेऊन व मग तिच्यावांचून उभें राहावें. वजाबाकी म्हणजे सायकलीचें वजन. पहिला हात चाकांना घालावा, कारण रिमेजवळचें वजन पुढेंही न्यावें लागतें व फिरवावेंही लागतें. हलके टायर, पातळ ट्यूब आणि जमल्यास ॲल्युमिनियमच्या रिमा घालाव्यात. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेंतील खालच्या बाजूची ठेवावी. हलक्या स्वाराला तेवढी पुरते, आणि अर्धे धक्के तेथेंच विरतात. मग स्टँड, कॅरिअर, लोखंडी हँडल व सीटची नळी यांचा विचार करावा. पुढें दोनतीन दांतेरी चकत्या असल्यास एक ठेवून बाकीच्या, त्यांच्या तारेसह, काढतां येतात. मडगार्ड मात्र आपल्या पावसांत हवेंच. तें प्लॅस्टिकचें असावें.

स्प्रिंगांची पाळी शेवटीं येते. पुढचा जड फोर्क काढून तितक्याच उंचीचा साधा फोर्क बसवितां येतो. उंची बदलली तर सायकलीचा तोल बदलतो. मागचा शॉक मात्र नुसता काढतां येत नाहीं, कारण फ्रेमेचे दोन भाग त्यावरच तोललेले असतात. त्या जागीं लोखंडी पट्टी ठोकण्याचा मोह आवरावा. ती फ्रेम तशा धक्क्यासाठीं बांधलेली नसते. तितक्याच लांबीचा हवेचा शॉक मिळाला तर त्यांत मुलाच्या वजनाप्रमाणें हवा भरतां येते. वजन घटविण्यासाठीं फ्रेमेला भोकें पाडूं नयेत, व ब्रेकांत काटकसर करूं नये. उलट ब्रेकची मूठ मुलाच्या बोटांना पोंचते कीं नाहीं तें आधीं पाहावें. खाऱ्या हवेंत ॲल्युमिनियममध्यें पोलादी स्क्रू जाम होतात, म्हणून प्रत्येकाला ग्रीस लावावें.

इतकें करूनही फ्रेमच जड पोलादी असेल, तर तिच्यावर पैसा घालीत राहण्यापेक्षां मागें स्प्रिंग नसलेली हलकी सायकल घेणें शहाणपणाचें. खरी परीक्षा दुकानांत होत नाहीं. ज्या मुलाला आपली सायकल स्वतः उचलून घराच्या पायरीवर चढवितां येते, तें मूल संध्याकाळीं ती पुन्हां स्वतःहून खालीं उतरवितें.