खाचा मोजल्याशिवाय बोलू नये

मिशिगनमध्ये जुने शेव्हरोले ट्रक उघडताना मी रंगावर विश्वास ठेवत नाही, इंजिन आणि गिअरबॉक्स यांना द्रवातून जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर खाली उतरवून बघतो. 1982 साली जनरल मोटर्सचा 700-आर4 हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला. त्याच्या सुरुवातीच्या इनपुट शाफ्टवर 27 खाचा होत्या. पुढे शाफ्ट मजबूत करताना त्या 30 झाल्या. कन्व्हर्टरची टर्बाइन याच शाफ्टवर बसते, म्हणून कन्व्हर्टरच्या तोंडातून टॉर्चचा उजेड आत सोडायचा. आधी स्टेटरच्या, म्हणजे मधल्या तेल वळवणाऱ्या चक्राच्या, खाचा दिसतात, त्या नव्हेत. त्याच्याही आत, तळाशी टर्बाइनच्या असतात, त्याच मोजायच्या. एवढी कळ काढायलाच हवी.

मग वेल्डिंग. दुरुस्तीसाठी कन्व्हर्टर लेथवर कापून पुन्हा जोडतात. कारखान्याचा सांधा सलग, एकसारखा असतो. जोडलेल्याच्या कडेला बहुधा कापल्याची खूण आणि नवा थर बोटाला लागतो. खाचा जुळल्या तरी असा कन्व्हर्टर ‘मूळचा, न उघडलेला’ म्हणून विकणं मला मुळीच पटत नाही.

या यंत्राचा जन्म ट्रकसाठी झालाच नव्हता. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 मध्ये पेटंट घेतलं ते जहाजासाठी: वाफेची टर्बाइन भन्नाट फिरते, पंख्याला मात्र संथ गती लागते. दोघांमध्ये त्याने द्रव फिरवला. मोटारींत टॉर्क कन्व्हर्टर 1948 च्या ब्युइक डायनाफ्लोमुळे रुळला. 1940 च्या ओल्डस्मोबिलमधल्या हायड्रामॅटिकमध्ये नुसतं फ्लुइड कपलिंग होतं. त्यात स्टेटर नाही, त्यामुळे टॉर्क वाढत नाही. पन्नाशीच्या दशकातल्या हायड्रामॅटिकवाल्या ट्रकमध्ये ‘मूळचा कन्व्हर्टर’ शोधणाऱ्यांना मी आधी हेच सांगतो.