दुष्फेन पाणी: गिझरच्या कॉइलपासून ब्युरेटपर्यंत

गेल्या हिवाळ्यात आमच्या भाड्याच्या खोलीतला गिझर बंद पडला. इलेक्ट्रिशियन काकांनी कॉइल बाहेर काढली, तर तिच्यावर पांढरा, खडबडीत थर. "बोअरचं पाणी आहे, जड आहे," एवढंच ते म्हणाले. पीएचडीला पाण्याचे नमुने तपासणारा मी, पण स्वतःच्या नळाचं पाणी कधी मोजलं नव्हतं! दुसऱ्या दिवशी बाटली भरून लॅबमध्ये नेली, टायट्रेशन केलं आणि आकडा गाईडना दाखवला. त्यांनी विचारलं, "यातला कॉइलवर बसणारा भाग किती?" मला सांगता येईना. आजची पोस्ट त्या प्रश्नामुळे.

आधी शब्द बघू. बोलताना आपण "जड पाणी" म्हणतो, पण विज्ञानात जड पाणी म्हणजे ड्युटेरियमचं पाणी, अणुभट्टीत वापरतात ते. आपल्याला हवा तो शब्द शाळेच्या पुस्तकात होता: दुष्फेन. ज्याला नीट फेस येत नाही ते. म्हणजे या शब्दातच पाणी तपासण्याची जुनी पद्धत लपलेली आहे.

ती पद्धत दिली स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी. पाण्यात ठरावीक ताकदीचं साबणाचं द्रावण थोडंथोडं घालायचं, बाटली हलवायची आणि 5 मिनिटं टिकणारा फेस यायला किती द्रावण लागलं ते मोजायचं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आधी साबण खाऊन साका बनवतात, फेस त्यानंतर येतो. क्लार्कची 1 अंश दुष्फेनता म्हणजे एका इंपीरियल गॅलनमध्ये 1 ग्रेन कॅल्शियम कार्बोनेट, आजच्या भाषेत लिटरला साधारण 14.3 मिलिग्रॅम.

1841 मध्ये क्लार्कनी लंडनच्या पाण्यासाठी एक पेटंटही घेतलं. उपाय ऐकायला उलटा वाटतो: पाण्यातला चुना काढायला पाण्यात चुनाच घालायचा! चुन्याची निवळी विरघळलेल्या बायकार्बोनेटचं न विरघळणारं कार्बोनेट करते आणि ते तळाशी बसतं. गिझरमध्ये हेच उष्णतेमुळे होतं, फक्त तळाऐवजी कॉइलवर.

साबणाच्या पद्धतीत खोट होती. मॅग्नेशियम साबणाशी हळू जुळतं, त्यामुळे फेस आला असं वाटतं आणि थोड्या वेळाने तो मोडतो. शिवाय पाण्यात आम्ल किंवा लोह असलं तरी साबण खर्च होतो. म्हणजे आपण मोजत होतो "साबण खाण्याची क्षमता", कॅल्शियम नव्हे. 1940 च्या दशकात झुरिकच्या गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी ईडीटीएचं टायट्रेशन उभं केलं आणि हा प्रश्न बराचसा सुटला. पीएच 10, एरिओक्रोम ब्लॅक टी, वाईनसारख्या लालचा निळा. आपण सगळ्यांनी केलेलं प्रॅक्टिकल.

आता गाईडच्या प्रश्नाकडे. ईडीटीए एकूण दुष्फेनता सांगतं. कॉइलवर बसतो तो मुख्यतः उकळल्यावर जाणारा, म्हणजे तात्पुरता भाग. त्यासाठी तोच नमुना उकळून, गार करून, गाळून, मूळ आकारमानाइतका करून पुन्हा टायट्रेट करायचा आणि फरक घ्यायचा. समजा 50 मिली नमुन्याला 0.01 मोलर ईडीटीए आधी 20 मिली लागलं आणि उकळल्यावर 10 मिली. म्हणजे एकूण 400, तात्पुरती 200 मिलिग्रॅम प्रतिलिटर. रोज 100 लिटर पाणी तापवलं तर त्यातून जास्तीत जास्त 20 ग्रॅम कार्बोनेट सुटू शकतं. सगळं काही कॉइलवर बसत नाही, पण शंभरावा भाग बसला तरी वर्षाला 73 ग्रॅम! हा थर उष्णता नीट वाहू देत नाही. वीज जास्त जाते, कॉइल आतल्या आत तापते आणि एक दिवस जळते.

भारतीय मानक आयएस 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात 200 मिलिग्रॅमपर्यंत दुष्फेनता स्वीकारार्ह, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते. लक्षात घ्या, ही मर्यादा पिण्याच्या पाण्याची आहे, गिझरच्या तब्येतीची नाही. "पाणी मानकात बसतं" आणि "कॉइल टिकेल" ही दोन वेगळी विधानं आहेत.

जाता जाता: डिशवॉशरमध्ये मीठ का घालतात? त्यातलं रेझिन कॅल्शियम धरून सोडियम सोडतं आणि मिठाने पुन्हा ताजं होतं. या आयन-विनिमयाचा शोध पाण्यावर काम करताना लागला नाही. 1850 च्या सुमारास इंग्लंडमध्ये थॉम्पसन आणि वे शेतातली माती खतातला अमोनिया कसा धरून ठेवते ते तपासत होते, तिथे तो दिसला. पाणी मऊ करायला तो वापरात यायला विसावं शतक उजाडलं.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना एवढंच सांगेन: आकडा लिहिताना पद्धत लिहा, आणि तो आकडा कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे तेही लिहा. माझा पहिला आकडा बरोबर होता. तो फक्त दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होता. कॉइलचे पैसे मात्र मलाच भरावे लागले.