घरीच केला

गेल्या महिन्यात आमच्या नातीचा वाढदिवस झाला. केक पाहून एका पाहुणीने विचारले, "कुठून आणलात हो?" आमची लेक हात पुसत म्हणाली, "छे, घरीच केला!" सगळ्यांनी 'अय्या' म्हटले, आणि पाच मिनिटांत केक संपला. मी मात्र बशी हातात धरून तसाच बसलो. या 'घरीच' शब्दाशी माझे जुने भांडण आहे. घरीच केला म्हणजे कुणी केला? भिंतींनी मैदा चाळला, की उंबऱ्याने लोणी फेसले? लग्नात, मुंजीत, बारशात मी हा शब्द लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि दर खेपेला त्याच्यामागे एखादी बाई उभी असते. आमच्या घरी त्या बाईचे नाव आत्या.

आत्या सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली ती कायमचीच. साल १९३३. मी जन्मलो तेव्हा ती शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात खांबांइतकीच पक्की बसलेली होती. घरात तिची दोन कामे ठरलेली. एक म्हणजे माझ्यावर ओरडणे, आणि दुसरे म्हणजे कुळातल्या प्रत्येक मुलीचे रुखवत करणे. पहिले काम ती जमेल तसे करी. दुसऱ्यात मात्र तिचा हात धरणारे पुण्यात कुणी नव्हते.

हल्लीच्या मुलांना रुखवत म्हणजे हॉलच्या कोपऱ्यात टेबलावर मांडलेले काहीतरी, एवढेच ठाऊक असते. मुळात रुखवत म्हणजे नवरदेवासाठी मुलीकडून वाजतगाजत नेलेले खाणे. खाणे म्हटले की ते चांगले दिसायला हवे, आणि एकदा दिसण्याचा विषय निघाला की आपल्याकडच्या बायका थांबत नाहीत. मग लाडू-करंज्यांच्या शेजारी बत्ताशांचे तुळशीवृंदावन आले, सुपारीचे भटजी-यजमान आले, खोबऱ्याची फुले आली, लोकरीचा कुत्रा आला. लग्नाच्या आधी महिना महिना आमच्या माजघरात गव्हले, नखुले, मालत्या यांच्या राशी पडत. चिमटीत कणीक घेऊन तांदळाएवढे गव्हले वळायचे, तेही शेरभर. मी एकदा बसलो होतो. माझा पहिला गव्हला पाहून आत्या म्हणाली, "अरे, ही कणीक आहे. मुटकुळे वळायला सांगितले नव्हते."

आत्याने एकूण तेवीस रुखवते केली. हा आकडा माझा, तिने कधी मोजली नाहीत. आणि तेवीसच्या तेवीस लग्नांत रुखवत पाहायला बायका जमत तेव्हा आत्या सामानाच्या खोलीत असे. "सामान कुणीतरी सांभाळायला नको का?" असे तीच म्हणायची. मांडवात सवाष्णींची गडबड, तिथे आपले पांढरे कपाळ कशाला, हे न बोलता ठरून गेलेले होते. बाहेर विहीणबाई विचारत, "बाई बाई, किती सुरेख! कुणी केलं?" आणि मुलीची आई सांगे, "घरीच केलं." भिंतीपलीकडे आत्या ट्रंकेवर बसून ते ऐकत असणार. मी लहान होतो, तिच्या शेजारी बसून चोरून आणलेला लाडू खात होतो. मला काही कळले नाही, आणि आता ज्याची लाज वाटते ती त्या लाडवाची नव्हे.

आता केक.

१९७९ च्या जानेवारीत आमच्या लेकीचा पहिला वाढदिवस आला आणि आमच्या कुटुंबाने केकची घोषणा केली. माजघरात शांतता पसरली. आत्याच्या हरकती तीन होत्या. एक, त्यात अंडे. दोन, वाढदिवसाला म्हणे सुरी चालवायची. आणि तीन, सगळ्यांत गंभीर, दिवा फुंकून विझवायचा. "आपण लावतो दिवा. हे लोक विझवतात, आणि वर टाळ्या वाजवतात!"

दिव्यांचा हा प्रकार अठराव्या शतकातल्या जर्मनीतला. मुलाच्या वयाइतक्या मेणबत्त्या केकवर लावायच्या, अशी तिकडची रीत. ती पुढे जगभर गेली आणि शनिवार पेठेत येऊन आत्याला धडकली. शेवटी तह झाला. मेणबत्ती रद्द, निरांजन मंजूर. सुरीचा विचार नंतर. अंडे तर आमच्या वाड्याच्या दिंडीतूनच आत येणे शक्य नव्हते.

बिनअंड्याचा केक होतो, हे आमच्या सौभाग्यवतीने सिद्ध करायचे ठरवले. यासाठी तिने ज्या माणसाचे आभार मानायला हवे होते, तो मला फार उशिरा, निवृत्तीनंतर ग्रंथालयात भेटला. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला माणूस वाचायला लागला की कुठेही शिरतो. मी केकच्या इतिहासात शिरलो. हा माणूस म्हणजे बर्मिंगहॅमचा रसायनांचा दुकानदार आल्फ्रेड बर्ड. त्याच्या बायकोला अंडी सोसत नसत, म्हणून त्याने १८३७ मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर काढली. तिला यीस्टही सोसत नसे, म्हणून १८४३ मध्ये बेकिंग पावडर काढली. बायकोच्या पोटाची इतकी काळजी घेणारा नवरा इतिहासात दुर्मीळच. तरी डब्यावर नाव छापले गेले ते नवऱ्याचे. पोट मात्र बायकोचे.

आपल्या देशात केक आला त्याची गोष्टही गमतीची. केरळात थलश्शेरीला मांबळ्ळी बापू नावाचे बेकरीवाले होते. १८८३ मध्ये मर्डॉक ब्राउन या मळेवाल्या साहेबाने त्यांच्यापुढे विलायतेहून आणलेला नाताळचा केक ठेवला आणि अगदी असाच करून दे म्हणाला. त्यात ब्रँडी घाल, असेही सांगितले. बापूंनी ब्रँडीऐवजी काजूच्या बोंडांची गावठी दारू घातली आणि केक केला, आणि साहेब खूश झाला, असे सांगतात. म्हणजे आपल्याकडे केकचा जन्मच मुळी 'हे नाही ना, मग ते घाला' या तत्त्वावर झाला. आणि हे तत्त्व आत्याला कुणी शिकवायला नको होते.

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी आमच्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात खाली वाळू, वर केकचा डबा आणि त्यावर झाकण अशी मांडणी झाली. स्टोव्हवर पाऊण तास ठेवायचे आणि झाकण उघडायचे नाही, अशी ताकीद देऊन सौ. निमंत्रणांच्या आठवणी करायला गेली. मी राखणीला.

मी झाकण सात वेळा उघडले. केवळ कौतुकाने. केक अर्धाकच्चा असताना आतली ऊब गेली की फुगलेले पीठ मधोमध बसते, हे शास्त्र मला माहीत नव्हते. सातव्यांदा पाहिले तेव्हा केक कडेने फुगला होता आणि मध्ये वाटीएवढा खड्डा पडला होता. सौ. परत आली. तिने खड्डा पाहिला, मग माझ्याकडे पाहिले. त्यापेक्षा तिने ओरडायला हवे होते. संध्याकाळी सहाला तीस माणसे येणार होती. ती स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली.

आत्या देवघरातून उठून आली. तिने केकभोवती एक चक्कर मारली. दोनदा वाकून पाहिले आणि म्हणाली, "अगं, रडतेस काय? विहीर आहे ही."

पुढचा दीड तास मी जन्मात विसरणार नाही. आत्याने खोबऱ्याचा कीस हिरव्या रंगात कालवला आणि केकभर हिरवळ पसरली. खड्ड्याच्या काठाला बत्ताशांचे तुकडे लावून कठडा बांधला. दोन लवंगांचे खांब आणि वर आडवी दालचिनी, की झाला रहाट. मण्यांच्या दोऱ्याने त्याला वेलदोड्याच्या सालीचा पोहरा बांधला. खड्ड्यात साखरेचा दाट पाक ओतला, तो पाण्यासारखा चमकायला लागला. मग सौ.ने लोणी-साखर फेसून कागदाच्या कोनात भरली तशी आत्या म्हणाली, "हा तर जिलबीचा फडका! आण इकडे." आणि तिने कडेने अशी वेलबुट्टी काढली की सौ. डोळे पुसायचे विसरली. शेवटी वर 'श्री' लिहिले. पत्र असो की केक, श्रीकाराशिवाय तिचा हात पुढे जात नसे. लिहिले आणि दचकली. "अगोबाई, श्रींवर सुरी चालवायची?" तो श्री खरवडून ताटाच्या काठावर लिहिण्यात आला.

राहता राहिला विहिरीभोवतालचा दगडगोट्यांचा सडा. त्याला आत्याने संक्रांतीचा हलवा वापरला. बोरन्हाणासाठी तिने तो आठ दिवस खपून केला होता. मंद शेगडीवर परात ठेवायची, त्यात खसखस नाहीतर तीळ घ्यायचे, चमच्याने थोडाथोडा पाक सोडायचा आणि हाताने हलवत राहायचे. थराथराने साखर चढते आणि शेवटी काटा येतो. बोटे पोळतात, पण घाई केली तर काटा येत नाही. याच हलव्याचे दागिने करून पंधरा दिवसांपूर्वी तिने लेकीला मुकुटापासून पैंजणापर्यंत नटवले होते.

हलवा म्हणजे निव्वळ आपला, अशी माझी समजूत होती. ग्रंथालयात तीही गळून पडली. लंडनच्या सर ह्यू प्लॅट यांचे १६०२ मधले 'डिलाइट्स फॉर लेडीज' नावाचे पुस्तक आहे. त्यात बडीशेप, धने यांवर साखर चढवण्याची कृती दिली आहे. निखाऱ्यांवर टांगलेले पसरट भांडे, पळीपळीने सोडलेला पाक आणि हाताने हलवणे. हुबेहूब आत्या! फक्त तिची परात टांगलेली नव्हती. पुस्तक बायकांसाठी आणि लिहिणारे सरसाहेब. वाचता वाचता वाटले, या सरांना हे दाखवले कुणी? बहुधा त्यांच्याकडेही ते 'घरीच' होत असावे.

त्याहून मोठा धक्का व्हिक्टोरिया राणीने दिला. १० फेब्रुवारी १८४० रोजी तिचे लग्न झाले. केकचे वजन सुमारे ३०० पौंड आणि घेर नऊ फूट. वर पांढऱ्याशुभ्र साखरेचा लेप, कारण तेव्हा शुभ्र साखर महाग, आणि जितके पांढरे तितके घर बडे. त्या लेपावर साखरेच्या बाहुल्या होत्या. नवरानवरीला आशीर्वाद देणारी ब्रिटानिया, नवऱ्याच्या पायाशी निष्ठेची खूण म्हणून एक कुत्रा, नवरीच्या पायाशी पारव्यांची जोडी, आणि मांडीवर वही घेऊन लग्नाची तारीख लिहिणारा मदन. मी पुस्तक मिटून मोठ्याने म्हणालो, "अरे, हे तर रुखवत!" ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिले. पण मी काय चुकीचे बोललो? कुत्रासुद्धा होता. आमचा लोकरीचा, त्यांचा साखरेचा, एवढाच फरक.

असो. सहा वाजले, माणसे जमली. लेकीला पाटावर बसवले. पाच सवाष्णींनी ओवाळले. ओवाळणे सुरू होताच आत्या सवयीने उठली आणि आतल्या खोलीकडे वळली. केक बाहेर आला. वाड्यातल्या बायका एकदम पुढे सरकल्या. पोहरा पाहून कुणीतरी किंचाळलेच. "अगं बाई, हे कुणी केलं?"

माझ्या तोंडात 'घरीच' अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात सौ. म्हणाली, "आत्यांनी." आणि आत जाऊन तिचा हात धरून तिला बाहेर घेऊन आली.

"आत्या, सुरी तुम्ही धरायची."

"मी? अगं, शुभकार्यात मी कशी…"

"केकचं कुठल्या पोथीत लिहिलंय? ओवाळण्याला शास्त्र आहे. केकला नाही."

आत्या क्षणभर उभी राहिली. बायका गप्प झाल्या होत्या. मग तिने पदर खोचला, लेकीची इवलीशी मूठ आपल्या हातात घेतली आणि सुरी धरली. तेवीस रुखवते भिंतीपलीकडून ऐकलेली बाई बासष्टाव्या वर्षी दिव्यासमोर, सगळ्यांच्या मध्ये उभी होती, आणि तिला तिथे उभे राहायला जागा झाली ती एका विलायती पदार्थाबद्दल मनूपासून कुणी काही सांगून ठेवले नव्हते म्हणून. टाळ्या वाजल्या. आत्याने कडेने तुकडा कापला. विहिरीला हात लावला नाही.

"ती कुणी कापायची नाही," ती म्हणाली. "पाणी आहे."

केकची ती विहीर चार दिवस फडताळात होती. मुंग्यांनी संपवली. आत्या १९९१ मध्ये गेली. तिच्या हातचे आज घरात काहीही शिल्लक नाही. खाण्यासाठी केलेले खाल्ले गेले, दाखवण्यासाठी केलेले मोडले. राणीच्या केकचा घेर वर्तमानपत्रांनी नोंदवून ठेवला. आत्याच्या पोहऱ्याची नोंद कुठे असणार?

म्हणून परवा सगळा केक संपल्यावर मी घसा खाकरला आणि त्या पाहुणीला म्हणालो, "घरीच नाही. आमच्या लेकीने केला. तिला तिच्या आईने शिकवला, आणि कोन धरायला आत्याने."

"कोण आत्या?" नातीने विचारले.

लेकीने कपाळाला हात लावला. म्हातारा आता तासभर थांबणार नाही, हे तिला कळून चुकले होते. आणि खरेच, मी थांबलो नाही.