दोन सेकंदांची खडखड
सकाळी गाडी सुरू केली की दोन सेकंद खडखड होते. गॅरेजवाले काका म्हणाले, "टायमिंग चेन ताणलीय. बदलायची की चालवायची, तुम्ही ठरवा." खर्चाचा आकडा ऐकून मी साखळीचा इतिहास वाचत बसलो.

साखळी खरं तर ताणली जात नाही. सांध्यांतल्या पिना आणि बुश झिजतात, म्हणून ती लांबते. हीच झीज कमी करायला हान्स रेनॉल्डने १८८० मध्ये मँचेस्टरला बुश-रोलर साखळीचं पेटंट घेतलं. भार बुशच्या पूर्ण रुंदीवर पसरला. झीज मंदावली, थांबली नाही.

१९६२ मध्ये जर्मनीच्या ग्लास १००४ गाडीत साखळीऐवजी रबरी दातेरी पट्टा आला. पट्टा ठरावीक किलोमीटरनंतर बदलायचाच असतो. पुढे अनेक कंपन्या साखळीकडे परतल्या आणि ती ठरलेली मुदत गेली. आता निर्णय मालकाच्या कानावर.

साखळीने दाते चुकवले, तर अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. म्हणजे प्रश्न साखळीच्या खर्चाचा नाहीच, इंजिनाच्या खर्चाचा आहे. मी बदलायला सांगितली.

काकांनी जुनी साखळी नवीशेजारी धरली. फरक जेमतेम काही मिलिमीटरचा होता.